काळ्या मातीवरचे मातीचे घर, आणि इतर प्रश्न

गेल्या अंकात स्वतःच्या हातांनी बांधलेल्या वेगळ्या घरांविषयी एक टिपण या सदरात दिले होते. मातीची घरे, बांबूच्या झोपड्या, बंद पडलेल्या बसमधील बिऱ्हाडे आणि पाण्यावरची घरे यांचा त्यात धावता उल्लेख होता. त्यावर इंदूर, महू आणि देवासहून पत्रे आली. सर्वांना स्वतंत्र उत्तर देण्याइतकी जागा नाही. म्हणून इतरांनाही उपयोगी पडतील असे प्रश्न निवडले आहेत, आणि मातीच्या घराविषयी सर्वाधिक पत्रे आल्यामुळे त्याला जागाही सर्वाधिक दिली आहे.

प्रश्न : ताई, आम्ही उभयता सेवानिवृत्त आहोत. सिमरोलच्या पुढे, चोरळच्या बाजूला आमची अर्धा एकर जमीन आहे. तेथे दोन खोल्यांचे मातीचे घर बांधून वर्षातील काही महिने राहावे, अशी फार दिवसांची इच्छा आहे. मुलगा म्हणतो की पहिल्याच पावसाळ्यात भिंती वाहून जातील, आणि गावातील गवंडी म्हणतो की येथील माती काळी आहे, तिचे घर होत नाही. कोणाचे ऐकावे? – एक वाचिका, सुदामानगर, इंदूर

उत्तर : गवंड्याचे ऐकावे, पण अर्धेच. माळव्याची काळी माती बेसाल्ट खडकाची झीज होऊन तयार झाली आहे आणि तिचा स्वभाव असा, की पाणी मुरले की ती फुगते आणि वाळली की आक्रसते. वैशाखात शेतातून चालताना मनगटापर्यंत हात जाईल एवढ्या भेगा आपण पाहिल्या असतील. त्याच मातीची भिंत घातली तर तिलाही तशाच भेगा पडतील. मात्र आपल्या बाजूला पठार घाटाकडे उतरू लागते, आणि तेथे काळ्या थराखाली पुष्कळ ठिकाणी पिवळसर माती आणि त्याखाली मुरूम लागतो. म्हणून काही ठरवण्यापूर्वी जमिनीत दोन-तीन ठिकाणी माणूस उतरेल एवढा खड्डा घ्यावा, थर कोठे बदलतो ते पाहावे, आणि प्रत्येक थराची माती वेगळ्या घमेल्यात काढून ठेवावी.

पुढची परीक्षा घरी करता येते. लोणच्याची रुंद तोंडाची काचेची बरणी घेऊन तिचा एक तृतीयांश भाग मातीने भरावा, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून ती चांगली हलवावी आणि ओट्यावर न हलवता ठेवून द्यावी. बारीक खडे आणि वाळू पाहता पाहता तळाशी बसतात, त्यांच्यावर गाळ बसतो, आणि चिकणमाती सर्वांत शेवटी, पाणी नितळ होत असताना, वर साचते. दुसऱ्या दिवशी पट्टी लावून थर मोजले की मातीचा कस समजतो. यंत्रात दाबून केलेल्या मातीच्या विटांसाठी साधारण 15 टक्के खडे, 50 टक्के वाळू, 15 टक्के गाळ आणि 20 टक्के चिकणमाती असे प्रमाण चांगले, असे तमिळनाडूतील ऑरोविल अर्थ इन्स्टिट्यूट सांगते. आपल्या खड्ड्यातील मातीत चिकणमाती याच्या दुप्पट निघाली तर घाबरू नये; तिच्यात वाळू किंवा चाळलेला मुरूम मिसळून प्रमाण साधता येते. बरणीचा निकाल हातानेही पडताळावा. माती जेमतेम ओली करून लिंबाएवढा गोळा वळावा आणि कमरेएवढ्या उंचीवरून कठीण जमिनीवर सोडावा. तो भुगा होऊन विखुरला तर माती भुसभुशीत आहे, न फुटता नुसता चपटा झाला तर चिकण जास्त आहे किंवा पाणी अधिक झाले आहे, आणि चार-सहा ढेकळांत फुटला तर माती भिंतीला योग्य आहे.

आता चिरंजीवांच्या शंकेविषयी. मातीची भिंत अंगावर पडणाऱ्या सरींपेक्षा पायथ्याशी साचणाऱ्या पाण्याने आणि पागोळ्यांनी लवकर खचते. जुन्या गावांत पडकी घरे पाहिली तर भिंत बहुधा खालच्या हातभर पट्ट्यात खाल्लेली दिसते. छपरावरून पडणारे पाणी जमिनीवर आपटून उडते आणि रोज थोडी थोडी माती घेऊन जाते. इंदूरला वर्षाला सरासरी 950 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. तेव्हा जोते निदान दोन फूट उंच, काळ्या दगडाचे आणि चुन्यात किंवा सिमेंटमध्ये बांधलेले असावे, छपराच्या वळचणी भिंतीबाहेर तीन फूट काढाव्यात, आणि घराभोवती उताराची फरशी करून पाणी दूर न्यावे. दगडी जोत्यावर ओल अडवणारा थर देण्यास विसरू नये. एवढे केले तर भिंतीला पावसाचे भय राहत नाही. वर्ध्याजवळ सेवाग्राममधील बापूकुटी माती, लाकूड आणि कवेलूंची, म्हणजे कौलांची, आहे. 1930 च्या दशकात बांधलेली ती कुटी विदर्भाच्या पावसात आजही उभी आहे, कारण तिचे छप्पर आणि लिंपण वेळच्या वेळी पाहिले जाते. चिरंजीवांना एकदा तेथे घेऊन जावे, असे मी मनापासून सुचवेन.

पाया हा आपल्या घरातील सर्वांत नाजूक विषय आहे आणि तेथे काटकसर करू नये. भिंत कशाचीही असो, तिचा पाया काळ्या मातीत सोडला तर माती फुगताना घर उचलते आणि आक्रसताना खाली सोडते. मुरूम पाच-सहा फुटांवर लागत असेल तर पाया थेट मुरमावर न्यावा आणि चराच्या दोन्ही बाजूंना काळी माती परत न भरता मुरूम भरावा. मुरूम फार खोल असेल तर खाली फुगीर टोक असलेले काँक्रीटचे खांब जमिनीत उतरवण्याची पद्धत आहे. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने ती अशाच जमिनींसाठी विकसित केली. ते खांब साडेतीन मीटर किंवा त्याहून खोल जातात, कारण ऋतूप्रमाणे होणारी ओल-वाळ साधारण तेवढ्या खोलीपर्यंत पोहोचते. हे काम मात्र अभियंत्याकडून आकडेमोड करून घेतल्याशिवाय करू नये.

भिंतीसाठी आपल्यापुढे तीन मार्ग आहेत. ओल्या मातीचे थर हाताने चढवून दीड फूट जाडीची भिंत घालणे हा सर्वांत जुना. तो मजुरीखाऊ आहे, पण तुम्ही दोघे, नातवंडे आणि स्नेही यांना त्यात खरोखर हात घालता येतो. दुसरा मार्ग दाबलेल्या विटांचा : माती, सुमारे 5 टक्के सिमेंट आणि अगदी थोडे पाणी यांचे मिश्रण हातयंत्रात दाबायचे, विटा भट्टीत न भाजता सावलीत रचायच्या आणि 28 दिवस ओलसर ठेवायच्या. चिकण अधिक असलेल्या मातीत सिमेंटपेक्षा चुना चांगले काम करतो, हेही ध्यानात ठेवावे. तिसरा मार्ग झाबुआ, धार आणि अलीराजपूरच्या भिल्ल वस्त्यांत आजही दिसतो, तो म्हणजे बांबूचा कूड विणून त्यावर शेणमातीचे लिंपण करणे. कुडाची भिंत हलकी असते, त्यामुळे पायावर भार कमी येतो. परंतु ती पातळ असल्यामुळे ऊन अडवत नाही. जाड भिंतीचा मोठा गुण हाच, की दुपारचे ऊन आत पोहोचेपर्यंत आठ-दहा तास जातात आणि तोवर माळव्याची रात्र थंड झालेली असते. आपण उन्हाळ्यातही राहणार असाल तर पश्चिमेची भिंत जाड मातीची आणि आतल्या आडभिंती कुडाच्या, अशी सांगड मला योग्य वाटते.

माती कोणत्याही परीक्षेत उतरली नाही, तर इच्छा सोडू नये. लॉरी बेकर यांच्याकडे वळावे. 1917 साली बर्मिंगहॅममध्ये जन्मलेल्या आणि 2007 साली तिरुवनंतपुरम येथे निधन पावलेल्या या वास्तुविशारदाने आयुष्याचा उत्तरार्ध केरळात साध्या माणसांची घरे बांधण्यात घालवला. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावून मध्ये पोकळी सोडण्याची जी रचना त्यांनी रूढ केली, तिच्यात नऊ इंची भिंतीला सुमारे 25 टक्के विटा कमी लागतात आणि मधल्या हवेमुळे खोल्या थंड राहतात. आदर्श गावातील घर पाच मैलांच्या परिसरात मिळणाऱ्या सामग्रीतून बांधलेले असावे, हे गांधीजींनी आपल्याला सांगितले होते, असे बेकर आवर्जून नमूद करीत. चोरळच्या परिसरात काळा दगड आणि मुरूम या परिघात मिळतो, आणि जुन्या घरांची उतरवलेली कवेलू आणि सागवानी चौकटीही चौकशी केल्यास मिळतात. त्या अवश्य घ्याव्यात.

शेवटी कागदपत्रे. जमीन शेतीची असेल तर खसऱ्याची, म्हणजे जमिनीच्या नोंदीची, नक्कल काढून पटवाऱ्याकडून सीमा मोजून घ्यावी, डायव्हर्शन, म्हणजे जमीन बिगरशेती, झाले आहे की नाही ते पाहावे, आणि अर्ध्या एकरावर निवासी बांधकाम किंवा फार्महाउस बसते का हे नगर आणि ग्राम निवेश कार्यालयाला लेखी विचारावे. ‘कच्चे घर आहे, परवानगी कशाला’ असे गावात कोणी सांगेल; ते ऐकू नये. घर मातीचे असले तरी ते बांधकामच आहे.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको दोघेही लॅपटॉपवर काम करतो आणि एका जागी राहण्याचे बंधन नाही. एका शाळेची जुनी बस विकाऊ आहे. ती घेऊन तिच्यात स्वयंपाकघर, पलंग आणि न्हाणीघर करावे, आणि हिंडत राहावे, असा विचार आहे. आईबाबांना हे वेड वाटते. आपले मत काय? – एक वाचक, विजयनगर, इंदूर

उत्तर : वेड मुळीच नाही, परंतु पैसे मोजण्यापूर्वी एक निर्णय करावा लागेल. ही बस रस्त्यावर धावणार की एका जागी उभी राहणार? दोन्हींचे कायदे वेगळे आहेत आणि खर्चही.

धावणार असेल तर मोटार वाहन अधिनियम, 1988 मधील कलम 52 वाचावे. नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाहीत असा बदल मालकाने करू नये, असे ते सांगते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली. आसने काढून पलंग बसवले की बस नोंदणीपत्रातील बस उरत नाही. निवासी वाहनांसाठी, म्हणजे मोटार कॅराव्हॅनसाठी, एआयएस-124 हे स्वतंत्र भारतीय मानक आहे. तेव्हा काम सुरू करण्यापूर्वी आराखडा घेऊन प्रादेशिक परिवहन कार्यालयात जावे आणि त्या वर्गात नोंदणी होईल का हे लेखी घ्यावे. आधी काम आणि मग परवानगी, असे येथे चालणार नाही. बसचे वयही पाहावे. सरकारी मालकीच्या 15 वर्षांहून जुन्या वाहनांची नोंदणी 1 एप्रिल 2023 पासून नूतनीकृत होत नाही आणि ती भंगारात जातात. खासगी शाळेच्या बसला तो नियम नसला, तरी योग्यता प्रमाणपत्राविना ती रस्त्यावर आणता येणार नाही.

एका जागी उभी करणार असाल तर मार्ग सोपा होतो. गाडी कायमची वापराबाहेर गेली तर तिची नोंदणी रद्द करण्यासाठी मालकाने चौदा दिवसांत कळवायचे असते. तेवढे करून नोंदणी विधिवत रद्द करून घ्यावी, म्हणजे पुढे कराची मागणी येत नाही. ती उभी राहील त्या जमिनीची परवानगी मात्र वरच्या उत्तराप्रमाणेच पाहावी लागेल.

बस पाहायला जाताना रंग आणि काचा पाहत बसू नये. तळाचा पत्रा किंवा प्लाय उचलायला लावावा आणि चाकांच्या वरच्या कमानीजवळ, मागच्या दाराच्या पायरीखाली आणि आडव्या पट्ट्यांच्या सांध्यांत जाड पेचकस टोचून पाहावा. पेचकस आत शिरला किंवा गंजाचे पापुद्रे सुटून आले, तर किंमत कितीही कमी असो, ती बस सोडून द्यावी. तळ शाबूत असेल तर बाकी सर्व दुरुस्त करता येते.

आतील जागेविषयी गैरसमज होतो. साडेदहा मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद बसचे बाहेरून क्षेत्र 280 चौरस फुटांच्या आसपास भरते. चालकाची जागा, भिंतींची जाडी आणि चाकांच्या कमानी वजा केल्या की वापरायला सव्वादोनशे फूट मिळतात. दोघांना ते पुरते, पण दोघांनाही एकाच वेळी फोनवर बैठक असेल तर पुरत नाही. म्हणून मधोमध एक सरकते दार आताच आराखड्यात धरावे. वजन दोन्ही बाजूंना समतोल आणि खाली राहील असे पाहावे : 200 लिटरची पाण्याची टाकी भरली की 200 किलो होते, ती एका कोपऱ्यात ठेवून चालत नाही.

आणि ऊन. मे महिन्यात इंदूरचा पारा 40 च्या वर जातो तेव्हा पत्र्याची बस राहण्याजोगी उरत नाही. छताला पांढरा रंग, आतून निदान दोन इंच उष्णतारोधक थर आणि टपावर हातभर अंतर सोडून सावलीचा मांडव, हे तिन्ही हवेत. सौर पॅनेल त्या मांडवाचेच काम करू शकतात. थंडीत उलट होते, श्वासाची आणि स्वयंपाकाची वाफ गार पत्र्यावर जमून आतून गंज चढतो, त्यामुळे पत्रा आणि थर यांच्यामध्ये हवा कोंडून राहू देऊ नये. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर तळाशी साचतो. म्हणून सिलिंडरचा कप्पा आतून बंद आणि जमिनीलगत बाहेर उघडणारा असावा. बंद बसमध्ये थंडीसाठी शेगडी पेटवून झोपणे प्राणघातक आहे. हे आईबाबांना काळजी वाटू नये म्हणून सांगत नाही, तुम्हाला वाटावी म्हणून सांगते.

प्रश्न : हनुवंतियाला पाण्यावरच्या बोटीत राहण्याची सोय पाहिली. नर्मदेच्या त्या जलाशयावर स्वतःची लहानशी हाउसबोट बांधून ठेवता येईल का? – एक वाचक, खंडवा रस्ता, इंदूर

उत्तर : बांधता येईल, ठेवता येईल असे मला वाटत नाही. हनुवंतियाच्या या इंदिरासागर जलाशयाची पूर्ण जलपातळी 262.13 मीटर आहे, पण ती वर्षभर तेथे राहत नाही. धरणातून पाणी सोडले जाते तसा काठ मैलभर मागे सरकतो, आणि पावसाळ्यात किनाऱ्याला बांधलेली बोट उन्हाळ्यात चिखलात बसते. जलाशय सरकारी आहे आणि त्यावर कोणी काय तरंगवावे हे शासन ठरवते. शिवाय इंजिन असलेल्या प्रत्येक बोटीला अंतर्देशीय जलयान अधिनियम, 2021 नुसार तपासणी आणि नोंदणी लागते. सर्वांत गंभीर प्रश्न मैल्याचा. त्याची टाकी काठावर आणून रिकामी करण्याची सोय नसेल तर तो नर्मदेत जाणार, आणि ते आपल्याला चालणार नाही, अशी माझी खात्री आहे.

बोट बांधण्याच्या कलेचीच ओढ असेल तर आधी केरळात जाऊन केट्टुवळ्ळम बांधताना पाहावी. धान्य वाहणाऱ्या या मोठ्या नौकांच्या फळ्या खिळे न वापरता काथ्याने शिवलेल्या असतात आणि लाकडावर काजूच्या टरफलांपासून केलेले काळे राळ चढवलेले असते. ते काम पाहिल्यावर पत्र्याचे पिंप बांधून तराफा करण्याचा मोह उरणार नाही.

प्रश्न : महूजवळ आमराईत लाकडी केबिन करावी की बांबूची? – एक वाचिका, तिलकनगर, इंदूर

उत्तर : बांबूची. सागवान आज परवडणारे नाही, आणि स्वस्त लाकूड माळव्याच्या वाळवीपुढे टिकत नाही. बांबूलाही कीड लागतेच, पण तो तीन वर्षांहून जुना, पावसाळ्यानंतर तोडलेला आणि बोरॅक्स व बोरिक अ‍ॅसिडच्या द्रावणात मुरवलेला असेल तर पुष्कळ वर्षे टिकतो. खांब जमिनीत पुरू नयेत. दगडी किंवा काँक्रीटच्या उथळ्यांवर ते जमिनीपासून दीड फूट वर उभे करावेत, म्हणजे ओल आणि वाळवी दोन्ही दिसतात आणि रोखता येतात. विजेच्या तारा धातूच्या नळीतूनच न्याव्यात. आपल्या राजवाड्याच्या खालच्या तीन मजल्यांचे बांधकाम दगडाचे आणि वरच्या चारांचे लाकडाचे. 1984 च्या आगीत त्याचे जे झाले ते इंदूरकरांना वेगळे सांगायला नको.

प्रश्न : मातीचे घर काँक्रीटपेक्षा स्वस्त पडते का, आणि बँक कर्ज देते का? – एक वाचक, देवास

उत्तर : माती स्वस्त, मजुरी महाग. कारागीर पूर्णपणे बाहेरचे लावले तर फारशी बचत होत नाही. घरची माणसे राबली, दारे-खिडक्या जुन्या घेतल्या आणि छप्पर साधे ठेवले तरच फरक दिसतो. कर्जासाठी मंजूर नकाशा, अभियंत्याचे अंदाजपत्रक आणि बांधकामाच्या मजबुतीचा दाखला बँकेला लागतो. दाबलेल्या विटांच्या घरासाठी हे कागद करून घेणे हाताने चढवलेल्या भिंतीपेक्षा सोपे जाते. अंदाजपत्रकात दरवर्षीच्या लिंपणाची आणि कवेलू फेरण्याची मजुरी स्वतंत्र धरावी, कारण हा खर्च बहुतेक जण विसरतात आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी घर गळू लागले की मातीला दोष देतात.

प्रश्न : काम केव्हा सुरू करावे? – सुदामानगरच्याच वाचिका

उत्तर : पाया दिवाळीनंतर लगेच घ्यावा, कारण तेव्हा जमीन फार ओली नसते आणि फार वाळलेलीही नसते. भिंती पौष-माघात चढवाव्यात. त्या दिवसांत माती सावकाश वाळते आणि भेगा कमी पडतात, तर चैत्रानंतरच्या झळांत वरून कोरडी आणि आतून ओली राहते. रोज हातभर उंचीहून अधिक थर चढवू नये. होळीच्या सुमारास मजूर भगोरियाच्या जत्रेसाठी आपापल्या गावी जातात, हे धरूनच वेळापत्रक आखावे, आणि मृग लागण्यापूर्वी छप्पर पूर्ण झालेच पाहिजे. ते होणार नाही असे वैशाखात दिसू लागले, तर अर्धवट भिंतींवर ताडपत्री बांधून काम पुढच्या दिवाळीपर्यंत थांबवावे.